खुलासा: प्राइमर ‘कोणताही’ चालत नाही

युद्धखेळातले छोटे पुतळे रंगवणाऱ्यांत ‘कॉन्ट्रास्ट रंगाचा एक हात मारा, २८ मिमीचा शिपाई तयार, खाली प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) कोणताही चालतो,’ असा सल्ला फिरतोय. पहिलं बरंचसं खरं, दुसरं साफ चूक.

गेम्स वर्कशॉप या कंपनीने २०१९ साली आणलेला हा कॉन्ट्रास्ट रंग पारदर्शक असतो. घड्यांत साचून गडद दिसतो, उंचवट्यांवर पातळ राहून फिका. सगळी करामत तेवढीच. त्यामुळे खाली पांढरा किंवा फिकट प्राइमर हवाच. काळ्यावर वॉटर्लूच्या लढाईतल्या ब्रिटिश शिपायांचे लाल कोट उठतच नाहीत, पलटणभर कष्ट वाया. (पट्टे, बटणं नेहमीच्या अपारदर्शक रंगानेच करा.)

आणि ‘स्पीडपेंट (आर्मी पेंटर कंपनीचा असाच रंग) ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतो’ ही तक्रार २०२२ च्या पहिल्या आवृत्तीची. दुसरीत तो दोष काढलाय.