एक्सपल्सवरची उजवी बॅग का वितळली: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण तो वाचून दुकानात फोन यायला लागलेत की एक्सपल्स मोटरसायकलला सॅडलबॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी बॅग) बसतच नाही का, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुहागरच्या वाटेवर उजवी बॅग सायलेन्सरला लागून वितळली, दोन्ही बॅगांत पाणी शिरलं, ऐंशीच्या पुढे गाडी मागून डुलत होती, काउंटरवरच्या मुलाने बॅग टेकवायचा स्टे गळ्यात मारायचा प्रयत्न केला आणि साडीगार्ड काढून द्यायला आम्ही नकार दिला.

आधी सायलेन्सर, कारण खरं दुखणं तिथेच आहे. एक्सपल्स २०० ४व्हीचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे. ओढ्यातून, दगडधोंड्यांतून गाडी जावी म्हणून तो तसा दिलाय आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. पण सॅडलबॅग जिथे लटकायची ती जागा त्याने खाल्ली. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५०चा सायलेन्सर खालून, चाकाच्या एक्सलच्या आसपास जातो; तिथे बॅग नुसती सीटवर टाकून पट्टे ओढले तरी बहुतेक वेळा निभावतं. वर उचललेल्या सायलेन्सरच्या गाडीला तसं करून चालत नाही. नायलॉन त्याच्या जातीप्रमाणे २२० ते २६० अंशांना वितळतं, पण कापड मऊ पडायला आणि आतलं कोटिंग सुटायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. ताम्हिणीसारखा घाट, खालचा गिअर, मागे माणूस, वर सामान, समोरून वारा कमी. सायलेन्सर तापायला आणखी काय लागतं? त्यावरचं कव्हर पाय भाजू नये म्हणून असतं, बॅग टेकवायला नाही. बॅग चिकटून बसली की मधली हवा खेळायची थांबते आणि ते कव्हरच चटका द्यायला लागतं.

म्हणून मुलाने स्टे सुचवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टे म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसणारी लोखंडी पाइपची चौकट. बॅग त्या चौकटीला टेकते, सायलेन्सरपासून लांब राहते. तुम्ही वजन वाढतं म्हणून नको म्हणालात. कारण खोटं नाही, १६० किलोच्या आतल्या गाडीला चार किलोही कळतात. पण मग उजवी बॅग हलकी ठेवायची आणि उंच बांधायची, असं ठरलं होतं. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला मुलाच्या अक्षरात ते लिहिलेलं आहे. बिल फेकलं नसेल तर बघा.

आता फोटोंकडे येतो. पहिल्या फोटोत वितळलेला कोपरा आहे, तो सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या फोटोत डाव्या बॅगेचा खालचा पट्टा दिसतो, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसावं. तो चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला बांधलाय. आमच्याकडून गाडी गेली तेव्हा दोन्ही बाजूंचे खालचे पट्टे मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला होते. वाटेत कुठेतरी बॅगा काढून परत लावल्या असतील, मुक्कामाला तसं होतंच. फूटरेस्टचं ब्रॅकेट फ्रेमचा भाग आहे, ते जागचं हलत नाही. चिमटा चाकाबरोबर वरखाली होतो आणि एक्सपल्सचं मागचं चाक तब्बल १७० मिलिमीटर हलतं. म्हणजे खड्ड्यात चाक वर आलं की पट्टा लोंबतो, चाक खाली गेलं की हिसका बसतो. असं तासन् तास चाललं की बकल सरकत जातं आणि बॅग झुलायला लागते. त्यात नायलॉनचा पट्टा भिजला की थोडा लांबतो. पावसात पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे, असं आम्ही जे प्रत्येकाला सांगतो, त्यामागचं कारण हेच. उजवीकडचा पट्टा फोटोत दिसत नाही, पण तोही चिमट्यालाच बांधलेला असावा असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर सैल बॅगेचा खालचा कोपरा प्रत्येक खड्ड्याला आत आपटत गेला आणि सायलेन्सरला लागला, यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट आहे. फिटिंगच्या दिवशी तुमच्या बॅगा रिकाम्या होत्या. रिकामी बॅग सरळ उभी राहते, सायलेन्सर आणि तिच्यामध्ये चांगला तळहात जातो, सगळे खूश होतात. तीच बॅग कपड्यांनी ठासून भरली की आतल्या बाजूला फुगते, तळ खाली बसतो आणि तो तळहात दोन बोटांवर येतो. बॅग गाडीला बसते की नाही हे रिकाम्या बॅगेवरून कळतच नाही, आणि या धंद्यातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. पुण्यात असूनही आम्हाला पाट्या लावायची हौस नाही, पण नाना पेठेतल्या आमच्या दुकानात एक पाटी आहे: निघायच्या आधी बॅगा भरून, मागे बसणाऱ्या माणसासकट या, पुन्हा बांधून देऊ, त्याचे पैसे नाहीत. तुम्ही सुट्टी धरून घाईत निघालात, समजू शकतो. पण तपासणी राहिली ती राहिली.

पाण्याबद्दल. भर जुलैत ताम्हिणी उतरून माणगाव आणि पुढे चिपळूणपर्यंत जाणाऱ्याला पाऊस म्हणजे काय ते मी सांगायला नको. तुम्ही घेतलेली बॅग शिवलेली आहे. कापड १६८० डिनिअरचं, म्हणजे जाड धाग्याचं असलं तरी सुईने पाडलेली भोकं ही भोकंच, आणि चेनमधूनही पाणी झिरपतं. रेनकव्हर कुचकामी आहे, हे तुम्ही लिहिलंत त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. सत्तरच्या वर ते फुग्यासारखं फुगतं, आणि चाकाने खालून उडवलेला चिखल त्याला अडतच नाही. बॅगेबरोबर ते फुकट येतं, तेवढीच त्याची किंमत समजा. कोकणात पावसाळी जायचं तर वितळवून जोडलेल्या सांध्यांची, वरून गुंडाळायची पीव्हीसीची बॅग घ्यावी आणि तोंडाला निदान तीन घड्या घालाव्यात. ती उघडायला कटकटीची असते, म्हणून लोक चेनवाली मागतात. चेनवालीच हवी तर आत किराणा दुकानात मिळते ती जाड काळी कचऱ्याची पिशवी घाला. दुकानदाराने हे सांगू नये, पण ती रेनकव्हरपेक्षा चांगलं काम करते.

गाडी डुलण्याचं कारण सॅडलबॅग नाही, असं माझं मत. तुमच्या तिसऱ्या फोटोत टेलबॅगेवर, म्हणजे सीटच्या मागच्या टोकावरच्या बॅगेवर तंबू बांधलाय आणि त्याच्याही मागे पाण्याचा पाच लिटरचा कॅन. म्हणजे पाच किलो वजन, मागच्या एक्सलच्याही मागे आणि सीटपेक्षा उंच. अशा वेळी पुढचं चाक हलकं पडतं, हँडल सैल वाटतं आणि वेग वाढला की मागची बाजू आपल्या मनाने चालते. जड वस्तू खाली आणि चालकाच्या जवळ, हलक्या वर आणि मागे. तो कॅन डाव्या बॅगेच्या तळाशी जायला हवा होता. मागच्या शॉकअपला कडकपणाच्या दहा पायऱ्या आहेत, दोघं आणि सामान असताना त्या वाढवायच्या असतात. मागच्या टायरची हवाही पुस्तिकेत दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे हवी. ती थंड टायरला तपासायची, पंपावर पोहोचेपर्यंत तापलेल्या नाही.

तुम्ही दोन्ही बॅगा घरच्या काट्यावर मोजून अगदी सारख्या केल्या होत्या, असं लिहिलंय. मेहनत चांगली, पण या गाडीला ती उलटी पडते. सायलेन्सरमुळे उजवी बॅग जास्त बाहेर येते. समजा डावी बॅग गाडीच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि उजवी ३६ वर. डावीत आठ किलो असतील तर उजवीत पावणेसातच्या आत पुरतात. तराजूच्या एका बाजूची दांडी लांब असल्यासारखं आहे हे. सारखी वजनं भरली की गाडी उजवीकडे ओढते आणि चालवणारा न कळत दिवसभर हँडल डावीकडे दाबत बसतो. संध्याकाळी खांदा दुखतो तो त्याने.

साडीगार्डबद्दल मात्र मी ऐकणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण गाडीला असावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या मागे वहिनी होत्या. ओढणी असो नाहीतर रेनकोटचं टोक, चाकात जायला एक क्षण लागतो. शिवाय डावी बॅग त्या साडीगार्डलाच टेकून राहिली, म्हणून तुमच्या फोटोत ती शाबूत आहे. ते काढलं असतं तर आज मला जळलेल्या बॅगेऐवजी चाकाच्या तारांत गुंडाळलेल्या बॅगेचा फोटो बघावा लागला असता. दिसायला गबाळं वाटतं म्हणून ते काढून मागणारे खूप येतात, सगळ्यांना हेच उत्तर मिळतं.

फोन करणाऱ्यांना एवढंच: एक्सपल्सला सॅडलबॅग बसते, स्टे लावून. एकटे जाणार असाल तर बहुतेक वेळा तिची गरजच नसते, टेलबॅग आणि पेट्रोलच्या टाकीवरची छोटी टँकबॅग पुरते. मोठी बॅग घेतली की माणूस ती भरतोच, हे मी गिऱ्हाइकांचं बघतो आणि स्वतःचंही. बॅग बांधून झाल्यावर दहा पावलं मागे जाऊन बघा: इंडिकेटर, टेललाइट आणि नंबरप्लेट तिन्ही दिसायला हवेत.

आता तुमचं. पूर्ण पैसे परत मिळणार नाहीत. वॉरंटी शिवण, चेन आणि बकलची आहे, सायलेन्सरने जाळलेल्या कापडाची नाही. सरकलेलं बकल मात्र वॉरंटीत बदलून देतो. वितळलेला कोपरा कापून तिथे नवीन कापड आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवता येते, त्याचे शिलाईवाले जे घेतात तेवढेच लागतील, आमचा नफा नाही. स्टे आता घ्यायचा ठरवलात तर बसवायची मजुरी घेणार नाही. नकोच असेल तर उजवी बॅग लावू नका. तिच्या बदल्यात टेलबॅग देतो, फरकाचे पैसे बघून घेऊ. मंगळवारी दुकान बंद असतं, इतर कुठल्याही दिवशी सकाळच्या वेळेत या. गाडी लांबून चालवत आणणार असाल तर अर्धा तास जास्त धरा, सायलेन्सर गार झाल्याशिवाय पोरं उजव्या बाजूला पाना लावत नाहीत.