वाफेच्या बोटीला गाडीचं ऑइल? नको

मॉडेल बोटींच्या वाफेच्या इंजिनांबद्दल एक सल्ला फिरतोय: ‘२०डब्ल्यू-४० (गाडीचं इंजिन ऑइल) घाला, ल्युब्रिकेटर (वाफेत तेल सोडणारी डबी) भरलेला दिसला की पुरे, गळती झाली तर पिस्टनला टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि स्प्रिंग आवळा.’

‘गाडीचं ऑइल जास्त उष्णता सोसतं.’ सोसतं, पण इथे प्रश्न उष्णतेचा नाहीच. ३ बार दाबाला वाफ असते साधारण १४४ अंश सेल्सिअस. अडचण पाण्याची. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचं लगेच पाणी होतं आणि ऑइलमधली डिटर्जंट ते तेलात घोळवतात. एक्झॉस्टमधून ताकासारखा पांढरट फेस आला की पिस्टनवरचा थर धुतला जातोय असं समजा. स्टीम सिलिंडर ऑइल (जाडीचा आयएसओ क्रमांक ४६० किंवा ६८०) घ्या. ते जाड असतं, त्यात थोडी चरबी मिसळलेली असते आणि ती ओल्या धातूलाही धरून राहते. क्रँकच्या बेअरिंगला मात्र साधं मशीन ऑइल चालतं. (जत्रेतल्या पत्र्याच्या फटफट बोटीला काहीच लागत नाही, तिच्यात पिस्टनच नसतो.)

‘ल्युब्रिकेटर भरलेला आहे.’ कशाने? त्यात वाफेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वरून नळीत जातं. तेल संपलं तरी डबी भरलेलीच! दर खेपेनंतर दाब पूर्ण उतरू द्या, खालचा स्क्रू सोडून पाणी काढा, मगच तेल भरा. नुसतं वरून ओतलं तर दोन थेंबांत डबी भरते आणि पुढची खेप कोरडी जाते.

गळतीचं म्हणाल तर डुलत्या सिलिंडरच्या इंजिनात ती बहुधा पोर्टच्या (वाफ आत-बाहेर जाण्याच्या भोकाच्या) सपाट तोंडावरून होते. सिलिंडरला या तोंडावर दाबून धरणारी स्प्रिंग आवळली की थांबते खरी, पण घर्षण वाढतं आणि कमी दाबावर इंजिन फिरेनासं होतं. शिवाय आत पाणी अडकलं तर सिलिंडर किंचित उचलला जाऊन ते निघून जातं, ती सोयही जाते. त्यापेक्षा जाड काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, दोन थेंब तेल टाका, तोंडावर मार्करने रेघा मारा आणि आठच्या आकड्यात घासा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या की थांबा. पोर्टमधली भुकटी रॉकेलने धुवून काढा. एक कण राहिला तरी नवा ओरखडा पडतो.

पिस्टनवर टेप नकोच. टेफ्लॉन पितळेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. थंड असताना घट्ट बसलेला पिस्टन गरम झाला की अडकतो, आणि सुटलेले तुकडे पोर्टमध्ये जातात. ग्लँडमध्ये (पिस्टनचा दांडा बाहेर येतो तिथे वाफ अडवणाऱ्या खोबणीत) मात्र टेप पिळून दोरीसारखी केलेली चालते. ग्राफाइटची ग्लँड दोरी असेल तर एक-दोन धागे तेलात भिजवून भरा आणि नट बोटांनीच फिरवा, पाना नको. सुरुवातीला जराशी ओली फुंकर आली तर येऊ द्या.