‘उपाशी मांजराला इन्सुलिन टोचलं’: दोन स्टार दिलेल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या मधुमेही बोक्याची, बंड्याची, सगळी हकीकत तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिली आहे, म्हणून त्याची डॉक्टर या नात्यानं मीही इथे मोकळेपणानं लिहिते.

आधी रविवारच्या रात्रीचं. साडेदहापासून तुम्ही चार फोन केलेत आणि मी एकही उचलला नाही. औसा तालुक्यात एका वस्तीवर म्हैस अडली होती. माझा हात खांद्यापर्यंत आत आणि फोन गाडीत. लातूरकडच्या माणसाला हे समजेल, पण ज्याचा बोका समोर लटपटतोय त्याला का समजावं? दवाखान्यातून घरी सोडलेल्या मधुमेही जनावराच्या मालकाकडे दुसरा नंबर असायलाच हवा होता. आता चिठ्ठीवर आमच्या कंपाउंडरचाही नंबर लिहून देतो.

यापेक्षा मोठी चूक तुमच्या रिव्ह्यूत आलेलीच नाही. सोमवारी सकाळी तुम्ही पिशवीतून सिरिंज काढलीत, तिचं टोपण लाल होतं. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीत 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते. बंड्याचं ग्लार्जिन, म्हणजे घरी देतो ते जास्त वेळ टिकणारं इन्सुलिन, मिलीत 100 युनिटचं, त्याला केशरी टोपणाची लागते. लाल सिरिंजमध्ये ते एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं की एक नाही, अडीच युनिट जातं. म्हणून त्या रात्री त्याची शुगर 48 वर आली. मेडिकलवाल्याला दोष देऊ नका, कारण मीच चिठ्ठीवर नुसतं ‘इन्सुलिन सिरिंज’ असं लिहिलं होतं. घाबरलेल्या अवस्थेतही तुम्ही त्याच्या हिरड्यांना मध चोळलात, त्यानं तो वाचला. त्या सोमवारच्या तपासणीचे पैसे मी परत करते आहे.

आता तुमचा मुख्य आक्षेप. तुम्ही लिहिलंय, ‘आम्हाला सांगितलं खाल्लं नाही तर इन्सुलिन देऊ नका, आणि स्वतः मात्र तीन दिवस उपाशी बोक्याला टोचत राहिले.’ वाचणाऱ्याला हे विचित्र वाटणारच. पण दोन्ही वेळचा बंड्या एक नव्हता.

तुम्ही त्याला आणलंत तेव्हा त्यानं पाच दिवस काही खाल्लं नव्हतं. शुगर 480, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, लघवीची पट्टी जांभळी झालेली. म्हणजे किटोन. रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिनशिवाय ती पेशीत शिरत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून होणारं आम्ल, म्हणजे हे किटोन, रक्तात साठतं. हे आम्ल थांबवायला इन्सुलिनच लागतं, मांजर जेवो न जेवो. फक्त ते घरच्यासारखं सकाळ-संध्याकाळ देत नाहीत. थोडा वेळ टिकणारं इन्सुलिन थोडं थोडं देतात, दर तासाला कान टोचून शुगर बघतात आणि ती अडीचशेच्या आसपास उतरली की सलाईनमध्ये ग्लुकोज सुरू करतात. तुम्ही विचारलं होतंत, ‘शुगरच्या पेशंटला साखर कशाला?’ इन्सुलिन बंद करावं लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याला मान वर धरता येईना, तेव्हा पोटॅशियम खाली गेलं होतं. इन्सुलिन सुरू झालं की ते उतरतं, म्हणून रोज रक्त काढावं लागलं. बिलात तीन वेळा दिसतंय ते हेच.

उदगीरला का नाही पाठवलं? पहिल्याच तासात मी तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं नाव काढलं होतं. पण या उन्हात, सलाईन लावलेल्या अवस्थेत त्याला हलवायची माझी हिंमत झाली नाही. तो निर्णय माझा होता.

अन्न पोटात जावं म्हणून गळ्यातून घातलेल्या नळीबद्दल ‘बिल वाढवायला गळ्यात भोक पाडलं’ हे वाक्य मात्र मला लागलं. लठ्ठ मांजर काही दिवस जेवलं नाही की त्याच्या यकृतात चरबी साठते. बंड्याच्या कानाची आतली बाजू पिवळी झाली होती, आठवतंय? उलटीचं औषध आणि भुकेची गोळी दोन्ही देऊन पाहिली, तो ताटलीकडे बघून तोंड फिरवायचा. जबरदस्तीनं सिरिंजनं तोंडात भरवलं तर ते श्वासनळीत जाण्याचा धोका, शिवाय मांजर त्या अन्नाचा तिटकारा धरू शकतं. नळी असताना तोंडानंही खाता येतं. पोटभर स्वतः खायला लागला आणि वजन टिकलं की ती पाच मिनिटांत निघते.

घरच्या सूचना मी कागदाच्या एका ओळीत उरकल्या होत्या, त्या आता नीट लिहिते. नळीतून दिलेलं अन्न हे जेवणच, तेही मोजा. ते कोमट करून हळूहळू द्या, शेवटी थोडं पाणी सोडा. जेवण निम्मंच गेलं तर इन्सुलिन निम्मं. काहीच गेलं नाही किंवा उलटी झाली तर टोचू नका, कानाची शुगर बघा आणि लगेच फोन करा. सलग दुसरी वेळ स्वतःच्या मनानं चुकवू नका, किटोन परत येतात. आपण नक्की टोचलं का अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. लाइट बराच वेळ गेली तर बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून ओल्या माठात ठेवा.

दूध-भाकरी बंद म्हणून मी रागावले होते, ते इतक्यात मनावर घेऊ नका. सध्या तो जे चाटेल ते चाटू दे. उकडलेली कोंबडी गरम करून समोर धरा, नाहीतर शेजारी सुकट भाजा. खायला द्यायची नाही, खारट असते, नुसता वास पुरे. पिठाचा हिशेब तो बरा झाल्यावर.

खाजेसाठी दुसरीकडे घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन परत देऊ नका, त्यानं शुगर चढते. ते सुटलं आणि शुगर ताब्यात राहिली तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही होतं. बंड्याचं होईलच असं मी म्हणत नाही.

गुरुवारी अकराला त्याला आणा, नळीचे टाके बघायचे आहेत. लाल टोपणाच्या उरलेल्या सिरिंजही घेऊन या, केशरीचं खोकं मी काढून ठेवलंय. स्टार दोनच राहू द्यात.