मालकीचं तेवढं बोलू नका

पन्नाशीकडे झुकलेल्या ठाणेकराच्या डोक्यात दोन गोष्टी हमखास येतात: पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारायच्या, नाहीतर भाड्याने द्यायला घर घ्यायचं. पहिलीचा खर्च बुटांपुरता. मला दुसरी सुचली. त्यातही एखादा फ्लॅट घ्यायचा नाही, कारण भाडेकरू गेला की भाडं शून्य. दोन-तीन बिऱ्हाडांची बुटकी इमारतच घ्यायची. एक रिकामं झालं तरी बाकीची चालू. मेव्हण्याला हे एवढं पटलं की तो उभाच राहिला. "भाड्यातून हप्ता परस्पर सुटतो, दाजी!" त्याने आजवर स्वतः काहीच घेतलेलं नाही, त्यामुळे त्याला सगळं पाठ आहे.

सुरुवात घराजवळून, म्हणजे नौपाड्यातून केली. एजंटाने एक दुमजली इमारत दाखवली. किंमत ऐकून मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग भाडं विचारलं. तळमजल्याचं महिना ८५ रुपये. पागडीची बिऱ्हाडं, म्हणजे एकदाच रक्कम मोजून मग नाममात्र भाड्यावर राहणारी, भाडे नियंत्रण कायद्याचं कवच आणि भाडेकरूंची तिसरी पिढी. तळमजल्यावरचे आजोबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "तुम्ही चौथे. आधीचे तिघे मालक गेले."

"कुठे गेले?"

"वर," आजोबा म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

मग ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून कोपरखैरणे. नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांनी इथे इतक्या वर्षांत अंगावर मजले घेतलेत. आमच्या एजंटाने दाखवलेलं घरही त्यातलंच: तळाला एक बिऱ्हाड, पहिल्या मजल्यावर एक, आणि सगळ्यात वर पत्र्याखाली महापेला रात्रपाळी करणारी मुलं. भाडं १२, १० आणि ७ हजार. एकूण २९. एजंट म्हणाला, "साहेब, कोपरखैरण्यात घर कधी रिकामं राहत नाही. पाणी मोरबेचं." जसं काही धरण त्याच्या मामाचं आहे.

घर बघायला आपण गेलो असं मला वाटत होतं. तळमजल्यावरच्या मावशींनी चहा पुढे केला तेव्हा कळलं की बघायचा कार्यक्रम आपला आहे. मावशी मूळच्या पाटणकडच्या, पण या घरात बरीच वर्षं राहिलेल्या. इमारतीची नस न् नस त्यांना ठाऊक.

"भाऊ, नोकरी कुठं?"

सांगितलं.

"पेन्शन हाय?"

"नाही."

मावशींनी पदर सावरला. एजंटाकडे अशा नजरेनं पाहिलं की हे कसलं स्थळ आणलंस. "टाकी कवा धुवाल? पावसाळ्याआधी डांबर कोण मारणार? मागल्या मालकानं मोटर बदलायला दिवाळीचा शिमगा केला. पायखान्याची लाइन तुंबली तर फोन उचलाल का?" मी सगळ्याला होकार देत होतो. हुंड्यात काय मागाल, एवढंच विचारायचं राहिलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "वैनींना घिऊन या. तुमचं काय खरं न्हाय."

वैनी आल्या. मावशींशी स्वयंपाकघरात काय बोलल्या ते बाहेर आलं नाही, पण भिंतीतली ओल, मीटर कुणाच्या नावावर आहे आणि वरची मुलं कचरा कुठे टाकतात, ही माहिती हिच्याकडे एजंटापेक्षा जास्त होती.

बँकेने इंजिनिअर पाठवला. त्याने तळमजला मोजला, पहिला मजला मोजला, मग जिन्यात मान वर करून पाहिलं आणि टेप गुंडाळला. "वर अजून एक आहे," मी म्हणालो. "मंजूर नकाशात नाही," तो म्हणाला, "म्हणजे नाही." तेवढ्यात नसलेल्या मजल्यावरून एक मुलगा टॉवेल झटकत गॅलरीत आला आणि नसलेल्या दोरीवर वाळत घालून गेला. कर्ज फक्त दोन मजल्यांवर. विकणाऱ्याला मात्र पैसे तिन्हीचे हवे होते. त्याच्याशी घासाघीस हिनेच केली: "जो मजला बँकेला दिसत नाही, तो मलाही दिसत नाही." ९० लाखांवर सौदा ठरला, आणि वरची मुलं आधी दुसरी खोली शोधून मग जातील, हेही. भाडं राहिलं २२ हजार.

६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता ५२ हजारांच्या वर. मेव्हण्याला आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला की परस्पर म्हणजे अगदी पूर्ण परस्पर असं त्याला म्हणायचं नव्हतं.

कागद आले, आणि तिथून माझी मालकी विरघळायला लागली. जमीन सिडकोची. आपल्याला मिळतो तो ६० वर्षांचा भाडेपट्टा, आणि घर हस्तांतरित करायला सिडकोची परवानगी आणि शुल्क. आमच्या घराचा पट्टा १९८६ चा. म्हणजे २०४६ पर्यंत. कर्जाचा शेवटचा हप्ताही नेमका त्याच सुमाराला. "मग पुढे काय?" हिने विचारलं. "नूतनीकरण होतं की, वहिनी," एजंट म्हणाला, "तोवर बघू." २०४६ पर्यंत हा एजंट फोन उचलेल असं मला काही वाटत नाही.

मुद्रांक शुल्क नवी मुंबईत ७ टक्के. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट. ९० लाखांवर ९० हजार! मी क्षणाचाही विचार न करता "हिच्या नावावर करा" म्हणालो. त्या क्षणी मी मालक व्हायचा थांबलो आणि सहकर्जदार झालो. विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याचा आगाऊ कर, कापायचा होता, तोही हिच्या पॅनवरून गेला. त्यावर तो तासभर रुसून बसला, त्याची समजूत हिनेच काढली. निबंधक कार्यालयात हिचा फोटो, हिचा अंगठा. मी पिशवी सांभाळत होतो.

भाडेकरारालाही तेच. एजंटाचं म्हणणं, ११ महिन्यांचा केला की नोंदणी नको. हिने १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम काढून दाखवलं: करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. "म्हणजे माझी," ही म्हणाली. मी साक्षीदार म्हणून सही केली.

एवढं झाल्यावर सीएकडे गेलो. निदान करात तरी आता हिचा वाटा असेल! तो म्हणाला, "घर वहिनींचं. पण पैसे तुमचे ना? मग भाडं तुमच्याच उत्पन्नात धरणार. महापालिकेचा कर वजा जाता ३० टक्के सूट मिळेल, काळजी नको." घर हिचं, जमीन सिडकोची, मूळ कागद बँकेच्या तिजोरीत आणि कर माझा.

परवा मावशींचा फोन आला. मोटर जळली होती.

"लगेच माणूस पाठवतो," मी म्हणालो.

"थांबा. वैनींना इचारलंत का?"

विचारलं. ही म्हणाली, "पाठवा. पण आधी कोटेशन घ्या, आणि बिल माझ्या नावावर."