डोनेपेझिल घेणाऱ्यांची नाडीही बघा

अल्झायमरच्या विस्मरणावर देतात त्या डोनेपेझिल या गोळीवरच्या लेखात तिच्यामुळे मळमळ आणि जुलाब होतात एवढंच आलंय. नाडीबद्दल लिहायलाच हवं होतं. हे औषध अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम रोखतं, पण मज्जातंतूंचे निरोप पोहोचवणारं ते रसायन फक्त मेंदूत नसतं. पोटात, मूत्राशयात, हृदयातही त्याचं काम चालतं. म्हणून ठोके मंदावू शकतात, चक्कर येते, म्हातारं माणूस पडतं. मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी ब्लड प्रेशरची गोळी आधीच चालू असेल तर धोका आणखी वाढतो. माझ्या सासूबाई परळला चाळीच्या जिन्यात कोसळल्या, तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं आता. नाडी फारच मंद होती हे हॉस्पिटलमध्ये गेल्यावर कळलं.

आणखी एक. या गोळीने लघवीची घाई वाढली की कधीकधी त्यावर ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं. ते अ‍ॅसिटिलकोलीनचंच काम अडवतं, म्हणजे एका गोळीने दिलेलं दुसरी काढून घेते, वर माणूस जास्त गोंधळतो. कृपा करून घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एकत्र नेऊन डॉक्टरांना दाखवा. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमवरून १० वर न्यायला ४ ते ६ आठवडे थांबतात, घाई करू नका. पोटाला सोसतच नसेल तर रिवास्टिग्मीन या त्याच प्रकारच्या औषधाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पॅचबद्दल विचारा.