दशम्यांचा हिशोब कुठे चुकला : ऑल-इन्क्लुझिव्हवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण त्याआधी आईशी बोलायचं होतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आई, बाबा, बायको आणि मी असे चौघं मालदीवच्या एका रिसॉर्टवर चार रात्री राहिलो. ऑल-इन्क्लुझिव्हला, म्हणजे तिन्ही वेळचं खाणं आणि दारूसकट पेयं एकाच भावात धरलेल्या प्लॅनला, माणशी रोज ९५ डॉलर जास्त पडत होते, म्हणून नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच असलेला हाफ बोर्ड घेतला. दुपारची वेळ घरून नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू यांच्यावर भागवली. 'दारू न पिणाऱ्यांनी ऑल-इन्क्लुझिव्हच्या नादी लागू नये,' असं मी लेखात ठासून लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत, 'चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला चार दिवस आयतं ताट मिळतंय, त्याचा हिशोब तुम्ही डॉलरमध्ये करता? दशम्या कोणी केल्या होत्या? तुमच्या आईनेच ना? म्हणजे सहलीचासुद्धा स्वयंपाक तिनेच केला.'

हो, तिनेच केला. निघायच्या आदल्या रात्री अकरापर्यंत ती ओट्यापाशी उभी होती, आणि हे मी लेखात लिहिलं नाही, कारण तेव्हा ते लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. तुमचं वाक्य वाचल्यावर ती रात्र डोळ्यापुढे आली.

काल आईला सरळच विचारलं, तिथे तुला कसं वाटलं होतं. समुद्राचं, माशांचं, पाण्यावरच्या खोलीचं भरभरून बोलली. मग म्हणाली, "एवढंच वाटायचं, तिथे पाणीसुद्धा विचारून प्यावं लागत होतं."

त्याचं असं झालं होतं. पहिल्या रात्री जेवताना वेटरने काचेची बाटली उघडून आमचे पेले भरले. त्या हाफ बोर्डात जेवणासोबतचं पाणी येत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते सात डॉलरचं पाणी सकाळी सहीच्या चिठ्ठीवर दिसलं. मी ती चिठ्ठी टेबलावरच मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवसापासून आई जेवायला निघण्याआधी खोलीतलं फुकटचं पाणी दोन पेले पिऊन निघायची आणि टेबलावर "मला नको" म्हणायची. मला वाटायचं ती गोळ्या घेते आहे. चार दिवस माझ्या समोर ही बाई तहान आवरून जेवत होती आणि मी घरी येऊन बचतीवर लेख लिहिला.

तर इथे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये माणूस मोजण्यापासून सुटका विकत घेतो, आणि घरात जी व्यक्ती वर्षभर मोजत असते तिच्यासाठी त्या सुटकेची किंमत फार मोठी आहे. ही कल्पना मुळात तिथूनच आली. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड या सहल-कंपनीचं पहिलं गाव वसवलं. युरोप तेव्हा महायुद्धातून नुकताच बाहेर आला होता. लोकांनी एकदाच पैसे भरायचे, मग जेवण, वाइन, खेळ सगळं त्यातच, गावात पाकीट काढायचं नाही. पुढे बारसाठीसुद्धा नोटांऐवजी गळ्यातले मणी चालायचे. आपल्याला तर हे मुळीच परकं नाही. कोकणात घरगुती सोय बघताना आपण 'माणशी किती, जेवणखाण धरून?' असंच विचारतो. तिथे काकू आग्रहाने तिसरं घावन वाढतात तेव्हा कोणी त्याची किंमत विचारत नाही.

पण तुम्ही पुढे लिहिलंत, 'घरात मोठी माणसं असतील तर डोळे झाकून ऑल-इन्क्लुझिव्हच घ्यावं.' हे मात्र मला पटत नाही. डोळे झाकायचे तर ते तिथे पोहोचल्यावर. इथे असताना उघडेच हवेत, कारण 'ऑल'मध्ये सगळं येत नाही.

मालदीवपुरतं सांगतो. एका बेटावर एकच रिसॉर्ट, ही तिथली १९७२ पासूनची घडी. म्हणजे तुम्ही एकदा उतरलात की पुढच्या टपरीवर जाऊ म्हणायची सोय नाही, टपरीच नाही. राजधानी मालेच्या विमानतळापासून त्या बेटापर्यंतचा प्रवास बहुतेक वेळा प्लॅनच्या बाहेर असतो, आणि सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, असेल तर जाऊन-येऊन माणशी चारशे डॉलरच्या वर सहज जातो. ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा पर्यावरण कर, १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी, दर रात्री १२ डॉलर झाला. आमच्यासारख्या चौघांना चार रात्रींचे १९२ डॉलर. कधी तो भावात धरलेला असतो, कधी निघताना हातात पडतो. आणि जे जे प्लॅनबाहेर, त्याच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं असतात. त्यांचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के जीएसटी. म्हणजे मेनूवर १०० डॉलर दिसले की बिलात १२८.७० येतात. डॉल्फिन बघायची बोट, मसाज, जपानी जेवणाचं वेगळं रेस्टॉरंट, हे सगळं अनेक ठिकाणी याच खात्यात जातं. प्लॅन असूनही, तुम्ही बरोबर नेणार आहात त्या सासूबाईंना शेवटच्या दिवशी अशी चिठ्ठी दिसली, तर त्या पुन्हा मोजायला लागतील.

आता जे मी लेखात लिहायला हवं होतं आणि तुमच्याही प्रतिक्रियेत नाही, ते. हाफ बोर्ड आणि ऑल-इन्क्लुझिव्ह यांच्या मध्ये फुल बोर्ड असतो. तिन्ही वेळचं जेवण त्यात येतं, दारू येत नाही. ऑल-इन्क्लुझिव्हच्या जास्तीच्या पैशांत मोठा वाटा दारूचा असतो, आणि आई-बाबा तर शहाळं आणि चहा यांच्यापलीकडे जात नाहीत. त्यांच्यासाठी फुल बोर्डच बरोबर होता, फक्त जेवणासोबतचं पाणी त्यात आहे का हे आधी लेखी विचारून. एका खोलीतल्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, पण खोल्या दोन असतील तर काही रिसॉर्ट वेगवेगळे प्लॅन देतात. आमच्या खोल्या दोनच होत्या, आणि मी हे विचारलंसुद्धा नाही.

मुलं बरोबर असतील तर मात्र माझा कौल तुमच्या बाजूने. आइस्क्रीम, ज्यूस, मॉकटेल, चार वाजताची भूक, दर वेळी 'घेऊ का?' आणि दर वेळी आईबापाचा विचारात पडलेला चेहरा. तिथे ऑल-इन्क्लुझिव्हचे पैसे वसूल होतात की नाही यापेक्षा तो प्रश्नच येत नाही हे मोठं.

आणि काही माणसांना ते मुळीच मानवणार नाही. माझे बाबा त्यातले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेटाला सकाळपासून पाच फेऱ्या मारल्या होत्या आणि "इथली माणसं राहतात कुठे?" असं विचारत होते. त्यांना बाजार बघायचा होता, मासळी उतरताना बघायची होती. अशा माणसाने माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहावं. मालेहून स्पीडबोटीने तासाभराच्या आत पोहोचता येतं. सरकारी फेरी त्याहून बरीच स्वस्त, पण शुक्रवारी सहसा नसते. वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, त्यामुळे आपल्याला न लागणाऱ्या गोष्टीचे पैसेही भरावे लागत नाहीत. आणि सकाळी टूना, ओला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कालवून केलेलं मास हुनी तिथल्या रोशीबरोबर मिळतं. रोशी म्हणजे जवळजवळ आपली पोळीच. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला हे आपल्या घरचं वाटेल. रिसॉर्टच्या बुफेतही मास हुनी असतं, पण ते कालवणारी बाई दिसत नाही.

तुम्ही डिसेंबरमध्ये सासूबाईंना घेऊन जाणार आहात, आणि त्यांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, म्हणून एवढं आणखी. शक्यतो स्पीडबोटीने जाता येईल असंच बेट निवडा. सीप्लेन छोटं असतं, आत शौचालय नसतं, चढायला अरुंद शिडी असते आणि ते फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेजवळ काढावी लागेल. पाण्यावरच्या खोलीचा मोह होईल, पण त्यांच्यासाठी वाळूवरची, जेवणघराजवळची खोली मागून घ्या. लांब लाकडी पुलावरून दिवसातून सहा वेळा जा-ये करण्यात माझ्या आईचेही पाय भरून यायचे. चोवीस आणि एकतीस डिसेंबरला बरेच रिसॉर्ट गाला डिनर सक्तीचं करतात आणि त्याचे पैसे ऑल-इन्क्लुझिव्हवाल्यांकडूनही वेगळे घेतात. त्या दोन तारखा टाळता आल्या तर टाळा.

लेखातलं 'नादी लागू नये' हे वाक्य मी आज काढलं आहे. दशम्यांचा परिच्छेद ठेवला आहे, पण त्या कोणी केल्या आणि किती वाजेपर्यंत केल्या हे त्यात आता लिहिलं आहे.

रिसॉर्टला मेल कराल तेव्हा फुल बोर्डाचा भावही मागवा. बोट, ग्रीन टॅक्स, जेवणासोबतचं पाणी, आणि शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर दुपारचं जेवण मिळतं का, हे चारही मुद्दे त्यात घाला. उत्तर आलं की इथेच खाली लिहा, मी बसून आकडे लावून देतो. सासूबाईंना मात्र ते आकडे दाखवू नका.