ज्या, कोज्या आणि पोळपाट

"अभ्यास कर" हे मी दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणत असेन. कुकरची शिट्टी होते तसं ते होतं, त्यात विचार नसतो. एका रविवारी अकरावीतल्या चिरंजीवांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "आई, तू बसून दाखव ना एकदा. कॅल्क्युलस राहू दे, नुसती ट्रिग. सर म्हणतात कॅल्क्युलस सोपं असतं, पोरं मरतात ती ट्रिगमध्ये."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण दारामागून सासूबाई ऐकत होत्या, त्यामुळे माघार घेणं शक्य नव्हतं. "आण इकडे पुस्तक," मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर त्रिकोणमितीचं आणि माझं जुनं वैर आहे. दहावीपर्यंत आमचं बरं होतं. एक झाड असायचं किंवा दीपगृह, त्याच्यापासून काही मीटरवर एक रिकामटेकडा माणूस उभा असायचा आणि शेंड्याकडे बघायचा. उन्नत कोन ३०, ४५ नाहीतर ६० अंश. ३७ अंशांत मान वर करणारा माणूस महाराष्ट्रात तेव्हा जन्मलाच नव्हता. तीनचं वर्गमूळ १.७३ हेसुद्धा प्रश्नातच दिलेलं. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची भागिले कर्ण म्हणजे कॉस, समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन, झालं. मला ८४ मार्क पडले आणि घरच्यांनी हौसेने सायन्सला घातलं.

अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं: साइन ७५०°. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीजच १८० भरते, मग ७५० अंशांचा कोन पोटात घेऊन फिरणारा हा त्रिकोण कुठला? मी मराठी माध्यमातली, त्यामुळे प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत सर तिसऱ्या चरणात, म्हणजे वर्तुळाच्या तिसऱ्या चतकोरात, पोचले होते. शेवटी विचारलं, तर म्हणाले, "आता त्रिकोण विसरायचा." मी विसरले. पण त्याच्या जागी काय आठवायचं ते कुणी सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आर्ट्सच्या वर्गात इतिहासाचा तास ऐकत होते आणि पानिपतात मला फार बरं वाटत होतं.

तर त्या रविवारी, तीस वर्षांनी, पहिलं गणित. खात्री करायला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० दाबलं. उत्तर आलं उणे ०.९८८. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी छातीठोकपणे सांगत आलेय, त्यातली एक म्हणजे साइन ३० बरोबर अर्धा.

"आई, तो रेडियन मोडवर आहे." फॅमिली ग्रुपवरचा मेसेज मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकते तेव्हाचाच आवाज.

"पण अंशांनी काय घोडं मारलं होतं?"

"कॅल्क्युलसला रेडियनच लागतं."

"का?"

"सरांनी सांगितलंय."

पुस्तकात व्याख्या होती: त्रिज्येइतक्या लांबीचा कंस वर्तुळाच्या केंद्राशी जो कोन करतो तो एक रेडियन. ही मी चार वेळा वाचली. चारही वेळा मला शब्द कळले आणि वाक्य कळलं नाही. मग उठून पोळपाट आणला, मधोमध बॉलपेनने ठिपका दिला, तिथपासून कडेपर्यंत दोरा मोजून कापला आणि तो कडेकडेने लावायला लागले.

सासूबाई आल्याच. "कितीदा बसतो बघतेस? सहादा. मी रांगोळीत सहा पाकळ्यांचं फूल काढते की, त्याच दोऱ्याने."

"नाही हो आई. सहा होऊन वर दोन बोटं उरतायत."

"मापात चुकलीस तू."

त्यांनी दोरा हातात घेतला. पण त्यांनी तो कडेवर वळवला नाही. कडेवरच्या एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत सरळ, ताणून धरला. बरोबर सहा, एक सूतही कमी-जास्त नाही. मी परत वळवून लावला. सहा आणि दोन बोटं. आम्ही दोघी पोळपाटावर वाकून एकमेकींना खोटं पाडत होतो, आणि चिरंजीव मागून हळूच म्हणाले, "दोघी बरोबर आहात. आजी कॉर्ड मोजतेय, आई आर्क मोजतेय."

म्हणजे धनुष्याची दोरी आणि धनुष्याचा बाक. दोरीला संस्कृतात म्हणतात ज्या, आणि साइनचं आपलं जुनं नावही तेच; कॉसचं कोज्या. आर्यभटाने ४९९ साली तिचं कोष्टक दिलं, पावणेचार-पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी, चोवीस किमतींचं. नेमकं बोलायचं तर ती अर्धी दोरी, अर्धज्या. 'ज्या'चं दुसरं नाव जीवा. ते अरबीत गेलं, तिथे स्वर न लिहिण्याच्या रीतीमुळे नुसतं 'जब' उरलं, ते पुढे कुणी 'जैब' वाचलं, म्हणजे कपड्याचा गळा, खिसा. आपली जेब तीच. लॅटिनवाल्यांनी इमानदारीत भाषांतर केलं: सायनस. म्हणून साइन. धनुष्याची दोरी जाऊन खिसा आला, आणि क्लासची फी भरल्यापासून मला तर खिसाच जास्त पटतो.

यातलं अकरावीत एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, की बाई गं, त्रिकोण गेला तरी दोरी आहे, तर? असो. पानिपतही वाईट नव्हतं.

खरी बोच पुढेच आहे. माझं माहेर चाळीसगावचं. शाळेची सहल दरवर्षी पाटणादेवीला. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं कोरलंय. आम्ही डबे खाल्ले, माकडांनी उरलेले खाल्ले, आणि परत आलो. आता कळतंय की दोन कोनांच्या बेरजेच्या साइनचं सूत्र, जे मला पहिल्या चाचणीत आलं नाही, ते भास्कराचार्यांनी लिहून ठेवलेलं होतं. माझ्या तालुक्यात त्यांच्या ग्रंथांसाठी अख्खा मठ चालला, आणि मी मात्र त्याच तालुक्यातून नापास व्हायला बाहेरगावी गेले.

पुढचे आठ दिवस पाठांतराचे. कोणत्या चरणात कोण धन? 'ऑल सिल्व्हर टी कप्स': पहिल्यात सगळे, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. साइनचा व्यस्त कोसेक आणि कॉसचा व्यस्त सेक. नावं बघून जोड्या लावायला गेलात तर फसलात. साइनच्या डोक्यावर २ लिहिलं की त्याचा वर्ग. मग उणे १ लिहिलं की त्याचा व्यस्त ना? नाही! तो 'कोणत्या कोनाची साइन एवढी?' असा प्रश्न असतो. एकाच खुर्चीवर बसणाऱ्या दोन आकड्यांना दोन वेगळे कायदे. सोसायटीच्या पार्किंगमध्येच असं पाहिलंय.

पण एक संध्याकाळ चांगली गेली. रेडियन मोडवरच, यावेळी मुद्दाम, मी साइन ०.१ दाबलं. ०.०९९८. मग साइन ०.०१. आलं ०.००९९९९८. कोन जितका बारीक, तितकी साइन त्याच्यासारखीच. पोळपाटावर पुन्हा दोरा धरला, अगदी बोटभर अंतरात, आणि कडेवरचा कुठला न् ताणलेला कुठला ते डोळ्यांना सांगता येईना. बाक आणि दोरी एकच. साइन एक्स भागिले एक्स, मर्यादा एक. अंश मोडवर हेच केलं की मध्ये ०.०१७४५ हा आगंतुक येऊन बसतो, १८० ने भागलेला पाय (π), आणि मग कॅल्क्युलसच्या प्रत्येक सूत्रात त्याला जेवायला वाढावं लागतं. म्हणून रेडियन. मी धावत जाऊन चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, "हो, ते लिमिट्समध्ये पाच मार्कांना येतं."

मग त्यांनी माझी वीस मार्कांची परीक्षा घेतली. नऊ मिळाले. कॉस सी वजा कॉस डी च्या सूत्रात पुढे एक उणे चिन्ह असतं, ते मी तीन गणितांत सलग विसरले. "स्टेप्सचे मार्क?" मी विचारलं. "दिलेत, म्हणून नऊ."

बॉलपेनच्या खुणा पोळपाटावरून अजून गेलेल्या नाहीत. घासणीने, लिंबाने, सगळं करून झालं. रात्री पोळीच्या कडेला सात निळे ठिपके उमटतात, त्यातले दोन अगदी जवळजवळ. काल चिरंजीवांनी पोळी ताटात गोल फिरवून ते मोजले आणि म्हणाले, "आजी, ही रेडियनमध्ये आहे."

"गरम आहे तोवर खा," सासूबाई म्हणाल्या.